लग्न होईपर्यंत

मी शिराळ्यातला टेलर. शर्ट, पॅन्ट, शाळेचे गणवेश, आणि नागपंचमीच्या आधी गावभरच्या पोरांचे नवे कपडे. लिहिण्याशी माझा संबंध मापाच्या वहीपुरता. तरी हे लिहायला बसलोय, कारण ज्या डॉक्टर मॅडमनी माझा गळा कापला त्या म्हणाल्या, तुमच्यासारखी घरं अजून असतील, त्यांना माझं सांगणं पटणार नाही, तुमचं पटेल. मला सगळं धड वागता आलं अशातला भाग नाही. उलट जे चुकलं तेच सांगण्यासारखं आहे. ज्यांना नुसते धीराचे शब्द हवेत त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. माझ्याकडे धीराचे दोन-तीनच आहेत, ते मधे कुठेतरी येतील.

पोट

माझा आजार गळ्याचा, पण दोन वर्षं मी पोटाचं औषध खात होतो. दिवसातून सहा-सात वेळा परसाकडे. गिऱ्हाईक मापाला उभं असायचं आणि मी टेप त्याच्याच गळ्यात सोडून मागच्या दाराने पळायचो. गावातल्या डॉक्टरांनी आव म्हणून गोळ्या दिल्या, वैद्यांनी काढे दिले, मेहुण्याने ताकात काय काय घालून दिलं. बायकोनं, सुमननं, तिखट बंद केलं. मी चिडका झालो. गणवेशाच्या पट्ट्या उलट्या लावून ठेवल्या आणि हेडमास्तरांनाच सुनावलं.

त्याच काळात मी माझ्या शर्टाचं वरचं बटण दोनदा पुढे सरकवून लावलं होतं. टेलरचं हे असं असतं. दुसऱ्या कुणाला कॉलर आवळली असती तर तो म्हणाला असता, गळ्याला काय झालंय. मी म्हणालो, कॉलरला काय झालंय, आणि सुई घेतली.

गाठ सुमनला दिसली. मी दाढी करत होतो, मान वर होती. डाव्या बाजूला सुपारीएवढं काहीतरी गिळताना वर-खाली होतंय, असं ती म्हणाली. मला आधी तिचाच राग आला.

मिरज

मिरजेच्या हॉस्पिटलात मॅडमनी गाठीत सुई घातली आणि आठ दिवसांनी बोलावलं. त्या आठ दिवसांत मी अकरा पॅन्ट शिवल्या. इतकं सरळ काम मी आयुष्यात केलेलं नाही. मान वर केली की काळजी सुरू व्हायची, म्हणून मान वर करायचीच नाही असं ठरवलं होतं.

निकालाच्या दिवशी मॅडमनी सुमनलाही आत बसवलं. तेव्हाच कळलं. थायरॉइडचा कॅन्सर आहे, पण नेहमीचा नाही, असं त्या म्हणाल्या. नेहमीचा बहुधा हळू चालतो आणि औषधाला ऐकतो. हा वेगळ्या पेशींमधून येतो, आणि त्या पेशी रक्तात एक द्रव्य सोडतात, त्यानेच तुमचं पोट बिघडलंय. मला हसू आलं. दोन वर्षं पोटाला शिव्या घातल्या होत्या, ते बिचारं निरपराध होतं.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला गळ्याचं काही? मी म्हणालो, नाही. वडील कशाने गेले? दम्यानं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि लिहिलेल्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मला तो थोडा वेळ अजून आठवतो.

वही

आमच्या घरातल्या माणसांचे गळे भरलेले. आम्हाला त्याचा अभिमान होता. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की म्हातारी माणसं म्हणायची, ह्या घराची माणसं भरल्या गळ्याची, खाऊनपिऊन सुखी. माझ्या आत्याच्या गळ्यात ठुशी इतकी शोभायची की बायका मुद्दाम बघायला यायच्या.

मिरजेहून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि मापाच्या जुन्या वह्या खाली काढल्या. घरच्यांचे कपडे दर दिवाळीला मीच शिवतो, आणि आळस नसल्यामुळे दर वेळी नवं माप घेतो. वडिलांचं पान काढलं. छाती अडतीस, कॉलर पंधरा. पुढच्या दिवाळीला छाती सदतीस, कॉलर साडेपंधरा. मग छत्तीस, सोळा. शेवटच्या दिवाळीला छाती चौतीस आणि कॉलर साडेसोळा.

माणूस वाळत चाललेला आणि गळा वाढत चाललेला. हे मी माझ्या हाताने, माझ्या पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, वर त्याप्रमाणे शर्टही शिवून दिले होते. दम्यानं कसले गेले. गळ्यातल्या गाठीनं श्वासाची वाट बंद करत आणली आणि आम्ही त्यांच्या छातीला तेल चोळत बसलो. मी वही मांडीवर घेऊन दुकानातच रडलो. समोरचा चहावाला आत येऊन पाणी ठेवून गेला.

मग मी दादाचं पान काढलं. दादा माझा थोरला भाऊ. आई लवकर गेली, वडील दमलेले, मला दादानंच वाढवलं. पलटणीतून सुट्टीवर आला की माझ्यासाठी पुस्तकं, पुढे शिलाई मशीन सुद्धा त्यानंच आणून दिलं. हवालदार होऊन घरी आल्यापासून शेती बघतो. त्याच्या पानावर कॉलर पंधरा, पंधरा, साडेपंधरा, सोळा अशी होती.

वही मॅडमना नेऊन दाखवली. त्यांनी ती दोनदा बघितली, आणि म्हणाल्या, मी इतकी वर्षं पेशंटना घरचा इतिहास विचारते, असा लिहिलेला कुणी आणून दिला नव्हता.

वॉर्ड

ऑपरेशन लांबलं. गळ्याच्या बाजूच्या गाठीही काढाव्या लागल्या. शुद्धीवर आलो तेव्हा गळ्यातून एक नळी बाहेर येऊन बाटलीत गेली होती. सकाळी पाचला तापमान, सहाला चहा, मग एक सिस्टर येऊन म्हणायची, काका, ईऽ म्हणा. मी ईऽ म्हणायचो आणि फाटकं धोतर ओढल्यासारखा आवाज यायचा. आवाजाची नस दुखावली होती. तो आवाज आता तसाच आहे.

तिसऱ्या दिवशी तोंडाभोवती मुंग्या आल्या आणि दोन्ही हातांची बोटं कात्री धरल्यासारखी आखडली. मला वाटलं, गेलो. ते कॅल्शियम कमी झालं होतं. शिरेतून दिल्यावर पाच मिनिटांत बोटं सुटली. जो कुणी या ऑपरेशनला जाईल त्याने एवढं लक्षात ठेवावं: मुंग्या आल्या की लाजू नये, बेल दाबावी.

शेजारच्या खाटेवर अथणीकडचे एक म्हातारे होते. त्यांना मराठी येईना, मला कन्नड येईना, आणि मला तर बोलताही येईना. पण त्यांची सून डब्यात दहीभात आणायची, तो गळ्याखाली उतरायचा. म्हातारे रोज आधी माझ्या वाटीत घालायला लावायचे. धीराच्या गोष्टींपैकी ही एक.

दादा रोज यायचा. सकाळच्या एस.टी.नं यायचा, संध्याकाळी परत जायचा. माझे पाय दाबून द्यायचा. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी त्याला वाईट माणूस ठरवेल.

पायडल

टाके निघाल्यावर मॅडमनी आम्हा नवराबायकोला पुन्हा बसवलं. आता त्या मुलीबद्दल बोलणार आहेत हे सुमनला माझ्याआधी कळलं. आम्हाला एकच मूल, मनीषा. तेव्हा अकरा वर्षांची, पळण्याच्या शर्यतीत तालुक्यात दुसरी आलेली.

मॅडम म्हणाल्या, शरीरातल्या पेशीला वाढ असा निरोप आला की ती वाढते, निरोप थांबला की थांबते. तुमच्या घरात त्या निरोपाच्या जागेतच जन्मापासून बिघाड असावा. मी त्यांना विचारलं, म्हणजे मशीनला मोटर लावलीय आणि पायडल दाबलेलंच राहिलंय? पाय काढला तरी सुई चालूच? त्या म्हणाल्या, अगदी तसंच, आणि हे पायडल बापाकडून मुलाकडे जातं. जाईलच असं नाही. निम्मी शक्यता जाण्याची, निम्मी न जाण्याची.

परदेशात तो बिघाड रक्तातून ओळखायला नुकतंच जमलं होतं, आणि मुंबईत संशोधन करणारे त्यांच्या ओळखीचे लोक ते करून बघत होते. आधी माझं रक्त, माझ्यात सापडलं तर मनीषाचं. बर्फाच्या डब्यातून रक्त मुंबईला जायचं आणि मग महिनोनमहिने वाट बघायची. फाल्गुनात माझं सापडलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मनीषाचं रक्त गेलं. तिला सांगितलं, सगळ्या मुलांचं घेतात. तिने विचारलं, मग सगळी मुलं कुठायत? त्या पोरीला खोटं सांगायचं म्हणजे अवघड काम.

दादालाही रक्त द्यायला सांगितलं. तो म्हणाला, अठरा वर्षं दरसाल माजं मेडिकल झालंय, मला काय धाड भरलीया? मी वहीतलं पान दाखवलं. त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली आणि बैलाला पाणी पाजायला गेला.

श्रावण

मुंबईचं पत्र मॅडमकडे नागपंचमीच्या चार दिवस आधी आलं. शिराळ्यात त्या दिवसांत टेलरला मरायला सवड नसते. गाव पाहुण्यांनी भरलेलं, हलग्या वाजतायत, मडक्यातून नाग आणलेले, आणि माझ्या दुकानात पोरांच्या शर्टांचा ढीग. मॅडमनी निरोप धाडून बोलावलं तेव्हा काम टाकून मिरजेला गेलो.

मनीषामध्येही ते होतं.

मॅडम फार नीट बोलल्या. त्या म्हणाल्या, तिला आज कॅन्सर नाही. तिच्या रक्तातल्या त्या द्रव्याचा आकडा आज बरोबर आहे. पण पायडल दाबलेलं आहे, सुई कधी चालू होईल ते कुणाला सांगता येत नाही. सुरू व्हायच्या आधी थायरॉइड काढून टाकायची, मग आयुष्यभर एक गोळी, बाकी पोर ठणठणीत. ही वेळ तुमच्या वडिलांना मिळाली नाही, तुम्हाला मिळाली नाही, हिला मिळालीय. दिवाळीच्या सुट्टीत करू.

मी हो म्हणालो. परत येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी त्या वाक्याचा विचार करत होतो, की सुई कधी चालू होईल ते कुणाला सांगता येत नाही. गावात उतरलो तेव्हा मनीषा मैत्रिणींबरोबर मिरवणूक बघत उभी होती. मान उंच करून, टाचा उचलून बघत होती. त्या मानेकडे बघवेना.

दसरा

दसऱ्याला शोभाला बघायला वाईचे पाहुणे आले. शोभा दादाची एकुलती एक मुलगी, वीस वर्षांची. मुलगा वाईला शाळामास्तर, घर चांगलं, माणसं सरळ. दादा हरखून गेला होता.

मी बाहेरच्या सोप्यात पाहुण्यांजवळ बसलो होतो. गळ्यावरची टाक्यांची ओळ झाकायला स्वतःसाठी बंद गळ्याचा कोट शिवला होता आणि आश्विनातल्या उन्हात तो घालून घामाने भिजत होतो. मुलाच्या चुलत्यांनी माझा आवाज ऐकून विचारलं, घशाला काय झालंय? मी काही म्हणायच्या आत दादा म्हणाला, थंड पानी पितोय, घसा बसलाय त्याचा. सगळे हसले. मीही हसलो.

लग्न वैशाखात ठरलं. पाहुणे गेल्यावर दादानं मला गोठ्याकडे नेलं.

"दत्तू, पोरीचं आपरेशन दिवाळीत करू नगंस."

मी म्हणालो, मॅडमनी तारीख दिलीय.

"तुजा गळा झाकला. बारक्या पोरीचा कसा झाकशील? साळंत जानार, गावात फिरनार. ह्ये वाईला कळाय किती येळ? घरान्यात काय हाय म्हनून इचारतील. माज्या पोरीला कोन करून घील, सांग." त्यानं गव्हाणीतली वैरण बैलापुढं सारली. "लगीन हुंदे. मग काय करायचं ते कर. मी सवता तुज्यासंगं मिरजंला येतो."

दादानं आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. मी बरं म्हणालो.

सुमनला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"शोभाचं लगीन आनि माज्या पोरीचा गळा. तुमाला आदी काय दिसतंय तेवढं सांगा."

ती पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. सोळाव्या दिवशी बोलली ती मनीषाच्या वह्यांबद्दल. तिनेही हार मानली होती हे मला कळलं, आणि मला लाज वाटायच्या ऐवजी सुटल्यासारखं वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहितोय.

मॅडमकडे मी एकटाच गेलो. पोरीची परीक्षा आहे म्हणालो. त्यांनी विचारलं, किती दिवस? उन्हाळ्यापर्यंत. त्या म्हणाल्या, आकडा आज बरोबर आहे एवढंच मी सांगू शकते. उन्हाळ्यात काय असेल त्याची जबाबदारी माझ्यावर टाकू नका. मी मान हलवली. सुट्टीत परीक्षा असल्याचं नाटक एका अडाण्याने करावं तसं मी केलं होतं, आणि त्यांना ते कळलं होतं.

वैशाखापर्यंत

त्या महिन्यांबद्दल काय लिहू. पोर रोज डोळ्यांसमोर, हसतेय, पळतेय, आणि मी रोज काही ना काही निमित्त काढून तिच्या गळ्यावरून बोट फिरवतोय. गणवेशाचं माप. स्वेटरचं माप. शोभाच्या लग्नातल्या झग्याचं माप. मनीषा वैतागायची, आण्णा, परवाच घेतलं की. टेपवर काहीच फरक नव्हता. मॅडमनी सांगितलं होतं की हे टेपवर कळणार नाही, कळेल तेव्हा उशीर झालेला असेल. तरी मी मोजत राहिलो. मला दुसरं येतं काय.

पोरीला एकदा जुलाब झाले. उन्हात पेरू खाल्ले होते, दोन दिवसांत थांबले. त्या दोन दिवसांत सुमन न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून मोजत होती.

लग्न झोकात झालं. शोभा साडीत सुरेख दिसत होती. तिच्या गळ्यात आत्याची ठुशी घातली होती. वाईच्या बायका आपसात म्हणाल्या, गळा काय भरलाय पोरीचा, दागिना घालावा तर असल्या गळ्यात. मी जेवणाच्या पंगतीकडे निघून गेलो.

ज्येष्ठ

ऑपरेशनच्या आधी मनीषाचं रक्त पुन्हा घेतलं. श्रावणात बरोबर असलेला आकडा आता वाढलेला होता. फार नाही, थोडा. मॅडमनी तो कागद माझ्याकडे सरकवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा शब्दाप्रमाणे आला होता. थिएटरच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. पोर आत जाताना त्याला म्हणाली होती, दादा, मी आल्यावर तुमच्यासंगं उसाचा रस प्यायचा हाय. तो खाली बघत बसला होता. उकाड्यातही त्याच्या गळ्याभोवती मफलर होता.

काढलेल्या थायरॉइडच्या तपासणीत दोन्ही बाजूंना तिळाएवढ्या जागी आजार निघाला, आणि बाजूच्या एका गाठीत पोचलेलाही होता. मॅडमनी जे दिसलं ते सगळं काढलं. पोर लवकर बरी झाली. आवाज शाबूत राहिला, मुंग्या आल्या तेव्हा तिने स्वतःच बेल दाबली. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या बारक्या पोरांना गोष्टी सांगत फिरत होती, आणि सिस्टर तिला एक बिस्कीट जास्त द्यायच्या. हीसुद्धा धीराचीच गोष्ट.

पण सगळं काढल्यावर जो आकडा शून्याच्या घरात यायला हवा तो तिथे आला नाही. म्हणजे कुठेतरी, डोळ्याला आणि फोटोला न दिसणारं, थोडं उरलंय. दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं आणि बघायचं. आत्तापर्यंत तीनदा बघितलं. पहिल्यांदा जेवढा होता त्याहून दुसऱ्यांदा किंचित जास्त, तिसऱ्यांदा आणखी किंचित. माझा आकडा मात्र आहे तिथेच थांबलाय. माझ्यासारख्या म्हाताऱ्या घोड्याला सोडून ते पोरीच्या मागे लागलंय, असं सुमन म्हणते, आणि मग पदराने तोंड झाकते.

फाईल

गेल्या दिवाळीनंतरच्या तपासणीला मनीषा माझ्याबरोबर होती. आता ती नववीत. मॅडमना उशीर होता, आम्ही व्हरांड्यात बसलो होतो, आणि तिने वेळ जायला आपली फाईल उघडली. अक्षर ओळखण्यात तिचा हातखंडा. मी तिच्याकडे बघत नव्हतो, समोरच्या भिंतीकडे बघत होतो. पानं उलटण्याचा आवाज थांबला तेव्हा मला समजलं.

"आण्णा, ह्ये मुंबईचं पत्र श्रावणातलं हाय."

"व्हय."

"माजं आपरेशन जूनमदी झालं."

"व्हय."

"मदी काय हुतं?"

पोरीला खोटं सांगायचा मला सराव झाला होता. परीक्षा म्हणता आलं असतं, डॉक्टर नव्हते म्हणता आलं असतं. मी म्हणालो, शोभाचं लगीन हुतं. मग सगळं सांगितलं. गोठ्यातलं, बंद गळ्याच्या कोटाचं, तिच्या आईने पंधरा दिवस बोलणं टाकलं ते, आणि श्रावणात आकडा बरोबर होता तेही. माझा हा फाटका आवाज, व्हरांड्यात माणसं, तरी थांबलो नाही.

ती रडेल असं वाटलं. मला शिव्या देईल असंही वाटलं, आणि द्याव्यात असं मनापासून वाटत होतं. तिने फाईलची नाडी बांधली. बराच वेळ गाठ नीट बसेना, पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिली.

"शोभाताईला कुनी सांगितलंय?"

"न्हाई."

परतीच्या बसमध्ये तिने फाईल मांडीवरच ठेवली होती. पेठ नाक्यावर गाडी बदलताना म्हणाली, "उद्या वाईला जायाचं. तुमी येनार नसला तर मी एकटी जाते."

वाई

कराडला गाडी बदलून, साताऱ्याला गाडी बदलून, दुपारी वाईला पोचलो. दादाला कळवलं नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला न विचारता मी काही केलं असेन.

घर घाटाच्या वरच्या आळीत. मास्तर शाळेत होते, सासूबाई देवळात गेल्या होत्या. शोभा आम्हाला बघून दारातच आनंदली. पाच महिन्यांचं बाळ पाळण्यात झोपलेलं. चहा ठेवते म्हणाली, मनीषाने तिचा हात धरून खाली बसवलं आणि गळ्यातली ओढणी काढून बाजूला ठेवली. एका कानाच्या खालपासून दुसऱ्यापर्यंत ओळ आहे. लग्नानंतर शोभाला सांगितलं होतं की मनीषाला गालगुंड झालं होतं, ते कापावं लागलं.

मनीषाने सगळं सांगितलं. मी मधे एक शब्द घातला नाही, घालायचा मला हक्कच नव्हता. वहीबद्दल, आज्याबद्दल, माझ्याबद्दल, मुंबईच्या पत्राबद्दल. लग्नासाठी थांबलो ते मात्र तिने सांगितलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी म्हणाली, ताई, रक्त दिलं की कळतंय, तू माज्यासंगं मिरजंला चल.

शोभानं मनीषाचा हात उचलला आणि आपल्या गळ्यावर, मंगळसूत्राच्या दोरीच्या जरा वर, उजव्या बाजूला ठेवला.

"दाब."

मनीषाने दाबलं. तिचा चेहरा मी बघितला आणि मला विचारायची गरज उरली नाही.

"कवापास्नं हाय, ताई?"

"आटवा म्हैना लागला तवापास्नं. सगळी म्हनली, पोटुशी बाईचा गळा भरतोच. मग म्हनली, अंगावर पाजतीस म्हनून हाय. आबांस्नी बी सांगितलं मी, तिकडं आलते तवा." आबा म्हणजे दादा. "त्ये म्हनलं, आपल्या घरची मानसं भरल्या गळ्याचीच हाईत."

मनीषाचा हात अजून तिथेच होता. पाळण्यात बाळ जागं झालं, कुरकुरलं. शोभानं उठून त्याला घेतलं, खांद्यावर टाकलं, थोपटलं. मग त्याला समोर धरून त्याची हनुवटी एका बोटाने वर केली आणि त्याच्या गळ्याकडे, तिथल्या दुधाच्या वळ्यांकडे बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "ह्याचं बी रगत द्याया लागंल?"

मी हो म्हणालो. उद्याच, असंही म्हणालो.